उंबऱ्यात उभी होती ती मी नव्हे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही कदाचित माझं पुस्तक वाचलं असेल — म्हणून तुम्हाला सांगते.

कामं रेंगाळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. साताऱ्याच्या ऑफिसात फायली, घरात डबे, सगळं जागच्या जागी. आत्मकथनही तसंच लिहिलं. आधी प्रकरणांची यादी, मग रोज पहाटे थोडं थोडं. एकच प्रकरण मात्र पुढं ढकलत राहिले. का? ते मला माहीत होतं.

नेमकं तेच गाजलं. नवरा गेल्यावर आटपाडीला, दहाव्याला, भावकीतल्या बायका माझं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला आल्या आणि मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना परत पाठवलं — असं मी लिहिलं. ते वाचून कितीतरी बायकांची पत्रं आली.

खरं काय? मी कोपऱ्यात बसले होते. मान खाली. हात पुढं केले होते — फोडा म्हणून. उंबऱ्यात उभी होती ती माझी थोरली जाऊ, आक्का. तिनं दार अडवलं. त्यापायी भावकीनं तिला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. मी? रजा संपली म्हणून साताऱ्याला निघून आले.

आधी 'आक्का' असंच लिहिलं होतं. मग वाटलं, आत्मकथन माझं, आणि त्यात मीच गप्प? खोडलं. 'मी' लिहिलं. आक्काला वाचता येत नाही, हा विचार तेव्हा मनात आला होता का? आला होता.

प्रकाशन सांगलीला झालं. हार, नारळ, खुर्च्या, सगळं मीच बघितलं. पाहुण्या बाई तेच पान मोठ्यानं वाचतील, एवढं मात्र ध्यानात आलं नाही. आक्का पहिल्या रांगेत बसलेली. 

चहाच्या वेळी ती जवळ आली. "सुमन, लय झ्याक लिवलंस गं. पर दारात तू हुतीस व्हय? मला आपलं वाटायचं, मीच हुते. म्हातारी झाले बघ!"

ती हसत होती, पण नजर माझ्या चेहऱ्यावर होती. तेव्हा सांगता आलं असतं — नाही का? मी म्हणाले, "हो आक्का, मीच होते."

तिनं ते मानलं. गावातही तसंच सांगायला लागली. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली, तेव्हा मी सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ते पान तसंच सोडलं.

मग गेल्या उन्हाळ्यात आक्काच्या शेजारचा तरणा मुलगा गेला. त्याची बायको अगदी पोरसवदा. दहाव्याला मी तिथंच होते. बायका आल्या. आक्का जागची उठली नाही — कशाला उठेल? तिनं त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस. आमची सुमन हाय न्हवं? ती बोलंल."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. ती पोरगीसुद्धा.

मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. शेवटची बांगडी फुटेपर्यंत आक्का माझ्याच तोंडाकडं बघत होती.