राऊत सर आणि शुक्रवारचे फादर

आमच्या वणीच्या मिशन शाळेत किस्से शोधावे लागत नाहीत. टीव्हीवर लढाई सुरू झाली, की स्टाफरूममधले शूरवीर ते आपणहून पुरवतात.

सगळ्यांत मोठे शूरवीर म्हणजे पीटीचे राऊत सर. खुर्चीत बसूनच त्यांनी आजवर बरेच प्रदेश जिंकले आहेत.

आमचे फादर थॉमस मूळचे केरळचे, पण इतकी वर्षं इकडे राहून पक्के वऱ्हाडी झालेले. लढाईच्या बातम्या सुरू झाल्यापासून ते दर शुक्रवारी उपास धरून शाळेच्या गेटपाशी बसू लागले. हातात पाटी : ‘कोणाचंही लेकरू मरू नये.’

राऊत सरांनी विचारलं, “शत्रूचं बी?”

फादर म्हणाले, “‘कोणाचंही’ म्हणजे काय, ते मराठीच्या मॅडमले विचारा.”

मराठीची मॅडम मीच. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता.

मग चर्चच्या कमिटीतले एक कोळसा ट्रान्सपोर्टवाले आले. “फादर, धर्म चर्चमधी ठेवा ना. रस्त्यावर कायले आणता?”

“नाताळात तुमच्याच ट्रकवर येशूजन्माची झाँकी घेऊन गावभर गेलतो आपण,” फादर म्हणाले.

कमिटीला विजयासाठी चर्चमध्ये खास मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, हवी होती. फादरांनी दोन्हीकडच्या सैनिकांच्या आयांसाठी प्रार्थना केली. सेक्रेटरी रागानं मधेच उठून गेले. चहाला मात्र वेळेवर हजर.

गॅदरिंगमध्ये राऊत सरांनी युद्धाचं नाटक बसवलं. फादरांनी प्लास्टिकच्या बंदुकांनाही मनाई केली. सर तणतणले, “मग पोरं सैनिक आहेत हे समजन कसं?”

“घरी परत आलेले दाखवा. आई ओळखते.”

सरांनी नाटकच रद्द केलं. त्यात परत येणारं कोणी नव्हतंच.

गेल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर राऊत सरांचा मोठा मुलगा गेटवर आला. कॉलेज संपवलेला, उंचापुरा. मी स्कूटी काढत होते, म्हणून सगळं ऐकू आलं.

“फादर, मिलिटरीच्या भरतीत माह्यं सिलेक्शन झालं. पण बाबा जाऊ देऊन नाही राह्यले. तुमी समजावा न त्याईले.”

फादरांनी पाटी बाजूला ठेवली. “मी बी तुले जाऊ नको असंच म्हणीन, बेटा. पण ते काहून नाही म्हणतात?”

मुलगा खाली बघत म्हणाला, “म्हणतात, तिथं माणसं मरतात.”