शटरआडची दुपार

काल शेजारी गेटला रंग देत होते. थिनरचा वास आला आणि मी मनाने रत्नागिरीतल्या आमच्या टी-शर्ट छापायच्या गाळ्यात जाऊन पोचले.

त्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. दमट हवेत शाई वाळत नव्हती आणि क्रिकेट टीमचे टी-शर्ट संध्याकाळी द्यायचे होते. ओल आत येऊ नये म्हणून दादाने शटर पार खाली ओढलं होतं. शाईने बुजलेली छपाईची जाळीदार स्क्रीन तो थिनरने पुसत बसला होता. माझं डोकं जड झालं होतं.

तेवढ्यात वीज गेली.

"थांब, मेणबत्ती लावतो," दादा म्हणाला. अंधारात काडीपेटी खुळखुळली. उजेड होणार म्हणून मला बरंच वाटलं.

एकदम शटरवर थापा पडल्या. शेजारी शिवणकाम करणाऱ्या सुलभाकाकू ओरडत होत्या, "अगो, आत काय सांडलंत? रस्त्यापर्यंत वास सुटलाय! आधी उघडा हे!"

दादाने शटर वर केलं. त्याच्या बोटांत न पेटवलेली काडी तशीच होती. काकूंनी ती पाहिली आणि त्याच्या हातातून हिसकावून बाहेर पावसात फेकली.

मला मात्र त्यांचा रागच आला होता. पावसाची झड आत येऊन टी-शर्ट भिजत होते. थिनरच्या त्या कोंडलेल्या वाफेत काडी ओढली असती तर सगळा गाळाच पेटला असता, हे मला फार नंतर कळलं.