वैतरणेच्या गोड्या पाण्यातली मुशी

नातीच्या मैत्रिणींचा वैतरणेकाठी फिरायला जायचा बेत चाललाय. परवा त्यातल्या एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही गेला होता ना तिकडं? नदीत उतरता येतं का?" उतरता येतं की. वर येता येतं का, ते आधी विचार म्हणलं. मग वाटलं, एकीला सांगायचं ते चौघींना कळू दे, म्हणून फोन घेऊन बसले. शाळा माझी तिसरीपर्यंत. चुका दिसल्या तर गिळा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची भांडणं पेटली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आम्ही ताडकळसचे. थोरली लेक विमल वालूरला दिलेली. जावई सरकारी नोकरीत, त्यांची बदली झाली थेट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वैतरणा नदीच्या काठावरच्या एका गावात. तिथं विमलला पहिली मुलगी झाली, सोनी. आता लेकराचं जावळ, म्हणजे पहिले केस, वर्षाच्या आत काढून नदीत सोडायचं, आणि जावयांना काही रजा मिळेना. तेव्हा विमलच्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, निरोप धाडला, "लेकरू येत न्हाई तर आपुन जाऊ. नदी तिथंबी हायच की." केस मामाच्या मांडीवर काढायचे, म्हणून माझा पोरगा भगवान लागणारच होता. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपली पिशवी भरली आणि निघाले.

दिवाळी नुकतीच सरली होती. बंदमुळं आमच्याकडं एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून पूर्ण्याला जाऊन मनमाडची गाडी धरली. तेव्हा लाईन लहान, मीटरगेजची होती, गाडी बैलगाडीच्या थाटात चालायची. सेलूला गोजरबाई चढल्या. डोक्यावर दुरडी, काखेत तांब्या, आणि तोंड आधीपासून चालू. परभणीपासूनच डब्यात विद्यापीठाच्या नावावरून जुंपली होती. एक जण माझ्याकडं वळला, "मावशी, तुमी कोन्या बाजूच्या?"

"खिडकीच्या," म्हणलं. "सरका."

वाटेत खायचं घरचंच न्या. आम्ही धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती दोन दिवस पुरली. मनमाडहून नाशिकला एसटी, आणि नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पुढं दुसरी एसटी. तो जव्हारकडचा घाट रिकाम्या पोटी करा. भगवाननं नाशिकला भजी खाल्ली आणि मोखाड्याला परत केली. रस्ता मात्र बघण्यासारखा. आमच्याकडं नजर जाईल तिथवर काळं सपाट रान, तिथं जिकडं बघावं तिकडं डोंगर आणि हिरवं. गोजरबाई म्हणाल्या, "एवढं पानी पडून ह्यांची रानं उताराला लागल्याली. देवाला वाटपच जमत न्हाई."

संध्याकाळी पोचलो. विमल फाट्यावर उभी होती, सोनी कडेवर. लेक वाळली होती, पण उभी ताठ होती. ते मी आधी बघितलं.

घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. नदी रुंद, गढूळ, आणि बघता बघता उलटी वाहायला लागली. मी चाट. विमल म्हणाली, "माय, भरती हाय. समुद्राचं पानी खालनं ढकलतं, म्हनून नदी फिरती." काठावर शेजारची जनीबाय जाळं सुकत घालत होती. मासेवाल्याची बायको, आवाज असा की पलीकडच्या काठावरचा कुत्रा दचकावा. गोजरबाईंनी तिला विचारलं, उद्या जावळ सोडायला कुठं उतरावं. रीत अशी, की आईनं लेकराला कडेवर घेऊन कंबरभर पाण्यात उभं राहायचं आणि केसांची दुरडी आपल्या हातानं सोडायची. त्यांच्या घरात सगळ्यांची जावळं अशीच गेलेली.

जनीबायनं जाळं खाली टाकलं. "कंबरभर? नको जाव गो बाय. या पान्यान मुशी हाय."

मुशी म्हणजे समुद्रातला तो दातांचा मासा. आता नात सांगते, शार्क म्हणायचं, आणि नदीत शिरते ती बुल शार्क. खारं आणि गोडं दोन्ही पाणी तिला चालतं, नदीतून लांबवर आत येते. तेव्हा आम्हाला कुठलं माहीत? जनीबायनं होडीतलं वल्हं आणून दाखवलं. कडेला दातांनी खरवडलेलं होतं, करवत फिरवल्यासारखं.

गोजरबाईंनी वल्हं उलटसुलट करून बघितलं. "लाकूड कुत्रंबी चावतं."

"तुझा कुत्रा नदीत रातो का गो?" जनीबाय म्हणाली.

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. विहीणबाई होत्या शेवटी.

सकाळी अंगणात जावळ झालं. भगवानच्या मांडीवर सोनीनं असा सूर लावला की न्हाव्याचा हात दोनदा थांबला. केस एका नव्या दुरडीत ठेवले, वर हळदकुंकू, नारळ, खण. मग सगळे नदीवर. भरती चढत होती. जनीबाय आणि दोघी-तिघी बाया होडीपाशी मासळी साफ करत होत्या, घाण पाण्यातच जात होती.

गोजरबाई पुढं झाल्या. ओंजळीत पाणी घेतलं, प्यायल्या, जिभेवर फिरवलं. आमच्याकडं विहिरीचं पाणी असंच पारखतात. कुठं मचूळ, कुठं गोड, एका घोटात सांगतात. "गोड हाय," त्या म्हणाल्या. "मिठातला मासा गोड्या पान्यात जगल व्हय? विमल, घे लेकराला. चल."

पाऊसकाळ नुकता सरला होता, वरून नदीचं पाणी जोरात होतं, म्हणून गोडच लागणार. पण तेव्हा मलाही ते पटलं होतं, खरं सांगते. गोदावरीकाठी, आमच्या गंगेकाठी, जन्म गेला, पाण्याचं मला काय शिकवता, असं मनात होतं. तरी ते वल्हं डोळ्यापुढून जात नव्हतं. बोलावं तर मी पडले मुलीकडची. त्यांच्या घरच्या रिवाजात मुलीच्या आईनं तोंड घालायचं नसतं. जावयांकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होते.

विमल जागची हलली नाही.

"आत्याबाई, मी उतरनार न्हाई."

"काय म्हनलीस?"

"लेकराला घेऊन मी ह्या पान्यात उतरनार न्हाई. दुरडी काठावरनं सोडते. न्हाईतर गंगाखेडला नेऊन सोडू."

काठावरच्या बाया मासळी सोडून बघायला लागल्या. त्या काळात वालूरकडची सून, सासूला, चार लोकांत, नाही म्हणाली. ओरडून नव्हे. भाव सांगावा तशी. खोटं कशाला बोलू, माझी छाती भरून आली.

"पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोललेय मी!" गोजरबाईंचा आवाज चढला. "लेकराला काई झालं तर कोनाच्या माथी?"

"माझ्या," विमल म्हणाली.

"भित्री हायस. आईनं पवायला शिकिवलं म्हनं गंगेत. डबा बांधून शिकिवलं आसंल." असं म्हणून त्यांनी दुरडी हिसकावली आणि लुगडं खोचून स्वतःच पाण्यात शिरल्या. गुडघा. मांडी. कंबर. जनीबाय ओरडली, "आये, मागं ये!" गोजरबाईंनी दुरडी डोक्यावर उचलली, आम्हाला दाखवून.

आणि त्या एका बाजूला हलल्या. कुणी खांद्यानं ढकलावं तशा.  मग ओरडल्या, "काई तरी घासलं! पाय गेला माझा!" दुरडी हातातून सुटली.

जनीबाय म्हणाली, "एकदा धक्का मारून बगते ती. मंग येते." हे शब्द मला अजून ऐकू येतात.

जावई "आई, आई" करत जागेवर नाचत होते. विमलनं सोनी माझ्या हातात कोंबली, होडीतला लांब बांबू उचलला आणि पाण्यात शिरली. धावत नाही, पाणी न उडवता, पाय सरपटत. मांडीभर पाण्यात थांबली. त्याच्या पुढं एक पाऊल नाही. बांबू लांब केला.

"आत्याबाई, माझ्याकडं बघा. पान्याकडं बघू नगा. बांबू धरा."

"पाय उचलंना गं!"

"पाय नगा उचलू. हातानं धरा फकस्त. भगवान, मागनं माझी कंबर धर!"

भगवान शिरला, त्यानं बहिणीला धरलं, जनीबायनं भगवानला. गोजरबाईंनी बांबू छातीशी कवटाळला आणि सगळ्यांनी मिळून त्यांना ओढलं, गाळातून म्हैस ओढावी तसं. त्या वाळूवर पडल्या तेव्हा मागं, त्या उभ्या होत्या त्याच जागी, पाणी खालून उसळलं. करडी रुंद पाठ दिसली, वर तिकोनी पंख. दुरडी एका झटक्यात खाली गेली. नारळ तेवढा उसळून वर आला आणि भरतीबरोबर वरच्या अंगाला वाहत गेला.

गोजरबाईंच्या पोटरीवरचं कातडं किसणीवर किसल्यासारखं निघालं होतं. दात लागलेच नव्हते. नुसतं अंग घासलं होतं तिचं, आणि तेवढ्यानं हे. दवाखान्यात डॉक्टरनं धुऊन पट्टी केली, सुई टोचली.   रात्री जेवताना गोजरबाई म्हणाल्या, "जावळ नदीनं घेतलं म्हनायचं का माशानं?"

विमल म्हणाली, "मासा नदीतलाच हाय की, आत्याबाई."

त्यांनी विचार केला. मग भातावर वरण वाढून घेतलं. म्हणजे मान्य.

आता जाणाऱ्यांनी ऐका. नदी सुंदर आहे, जरूर जा. तांदळाची भाकरी खा, मासे खात असाल तर जनीबायसारखी कुणी गाठून तिच्या हातचे खा. पण भरतीच्या वेळी, गढूळ पाण्यात, सकाळी-संध्याकाळी आणि मासळी साफ करतात त्या जागी पाण्यात उतरू नका. पाणी गोड लागलं म्हणजे निर्धास्त, असं नाही. काठावरच्या लोकांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं की तोंड वाकडं करू नका. आता तिकडं जायला चांगले रस्ते झालेत म्हणतात. पाण्यातलं काय आहे ते रस्त्यानं बदलत नाही.

पायामुळं परतीला गोजरबाईंना एकटं सोडता येईना. मी आणि भगवान सेलूला उतरून त्यांना वालूरला पोचवायला गेलो. गोष्ट आमच्या आधी पोचली होती, कशी ते देव जाणे. ओसरीवर बाया जमलेल्या. गोजरबाईंच्या जावेनं मुद्दाम माझ्यासमोर विचारलं, "सून लोकांत उलटून बोलली म्हनं तुमास्नी?"

मी तयारच होते. उत्तर जिभेवर होतं. पण गोजरबाईंनी लुगडं वर सरकवून पट्टी बांधलेली पोटरी सगळ्यांसमोर धरली.

"बोलली. आन ती बोलली म्हनून माझी नात हाय. तिला घेऊन म्या पान्यात घालायली होते." मग माझ्याकडं न बघताच, "सुनंला पवायला हिनं शिकिवलंय."

मी चहा घेतला, साखर जास्त होती, तरी प्यायले.

ताडकळसला पोचले तेव्हा मालक ज्वारीतून आलेले, पाय धूत होते. "काय बघितलं एवढं लांब जाऊन?" म्हणाले.

"आपली लेक," म्हणलं, आणि पिशवी आत नेऊन ठेवली.