शैलाताईचा गुरुवार

"देवा, आधी माझ्या लेकराला ने, मग मला."

रोज सकाळी दिवा लावताना आमची शैलाताई मोठ्यानं हे मागायची.

देवानं ऐकलं नाही. ताईच आधी गेली.

तिचा बंड्या मागं राहिला. वय छत्तीस, समज तीन-चार वर्षांच्या लेकराएवढी.

ज्यांच्या घरी असं लेकरू नाही, त्यांना हे मागणं ऐकून अंगावर काटा येईल. येऊ द्या. अशा लेकरांच्या आयांचा आमचा ग्रुप आहे, त्यातली प्रत्येक आई हेच मागते. मीपण मागते. माझी मुक्ता सव्वीस वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम.

स्पेशल शाळा अठरा वर्षांपर्यंत. मग सेंड-ऑफ करतात, गुलाबाचं फूल देतात आणि म्हणतात, आता घेऊन जा.

कुठं? घरी. करायचं काय? टीव्ही बघायचा. आई मरेपर्यंत.

हे जिला सहन झालं नाही ती शैलाताई. माहेर देवगाव रंगारी, आवाज शेतातून हाक मारल्यासारखा. सिडकोतल्या आपल्या घराचं पार्किंग मोकळं करून तिनं केंद्र काढलं. एक सतरंजी, दोन टेबलं आणि आमची मोठाली लेकरं. वाती वळायच्या, पणत्या रंगवायच्या, मधूनच एकमेकांच्या झिंज्या ओढायच्या.

तिथं ताईचा एक कडक नियम होता.

गुरुवारी कुठल्याच आईनं आपल्या लेकराला भरवायचं नाही. दुसरीच्या लेकराला भरवायचं. आपलं जेवत असताना आपण बाहेर जायचं, आणि खिडकीतून डोकवायचं नाही.

पहिल्या गुरुवारी मुक्तानं डबा भिरकावला. तिचं किंचाळणं ऐकून मी पायरीवर रडत होते. आत जायला उठले तर ताई दारात आडवी.

"बस खाली. उद्या तू मेल्यावर हिला कोण भरवणार हाय?"

"ताई, काय बोलतीस गं!"

"खरं तेच बोलते. आज राहू दे उपाशी. तुझ्या माघारी राहायला नको."

मनातल्या मनात मी तिला लई शिव्या दिल्या. पण पुढं पुढं मुक्ता ताईच्या हातून जेवायला लागली. मग कुणाच्याही हातून. आता तर आपल्या हातानं जेवते, वर माझ्या ताटातली भजी पळवते.

आणि बंड्या?

बंड्याला नियम लागू नव्हता.

"माझ्या बंड्याचं वेगळंय गं," म्हणायची. आमच्यापैकी कुणी घास पुढं केला की तो ओठ घट्ट मिटायचा, आणि इकडं ताई कासावीस. "राहू द्या गं, मी भरवते."

आम्ही चिडवायचो, "व्वा मास्तरीणबाई, सोताच्या पोराला सूट व्हय?"

ती हसायची आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसायची.

दोघांना ताट एकच. एक घास ती त्याला भरवायची, दुसरा तो तिला. वेगळं ताट तिनं कधी घेतलंच नाही.

अटॅक सकाळी आला. शेजारच्या भाभी आत गेल्या तर ताई ओट्यापाशी पडलेली.

बंड्या बाहेरच्या खोलीत बसला होता. समोर वरण-भात, गार झालेला. आई हात धुऊन येईल म्हणून वाट बघत होता.

त्याला मी माझ्या घरी आणलं, पण तेव्हापासून तो जेवला नाही. चमच्यानं थोडं दूध, तेही अर्धं अंगावर. सलाईन लावलं तर सुई उपसून काढली.

बंड्याचा धाकटा भाऊ नितीन पुण्याहून आला. पोरगा वाईट नाही. एका निवासी संस्थेत चौकशी करून आला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अंथरूण ओलं केलं तरी सांभाळू, मारलं तरी सांभाळू. पण दुसऱ्याच्या हातचं खातच नसेल तर आम्ही त्याला जगवायचं कसं?"

नितीन मला विचारतो, "काकू, काय करू?"

मला काय ठाऊक, बाबा!

काल दहावा झाला. भाभींना लेकरांपाशी बसवून पैठणला गेलो. बायका घाटावर येत नसतात, कुणीतरी म्हणालं. म्हणलं, मी येणार.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. हात जोडायलाही उसंत दिली नाही.

गुरुजी म्हणाले, "तृप्त होऊन गेल्या. कसलीच इच्छा राहिली नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. "सुटली बिचारी."

माझं डोकंच फिरलं. त्या बाईची इच्छा राहिली नाही? अहो, कावळ्याला भूक लागली होती, एवढंच! कावळा जेवला, आणि तिचं लेकरू माझ्या घरी उपाशी बसलं होतं.

परत आले तर मुक्ता त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली. तिनंच भात कालवला होता.

"बंड्या, आ कर."

ओठ मिटलेले.

मग त्यानं ताटात हात घातला, घास उचलला. मला वाटलं, खातोय.

नाही. तो घास त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं धरला. आईसाठी. भात बोटांतून सांडायला लागला तरी हात खाली घेईना.

मला बघवेना. पुढं झाले, खाली बसले आणि त्याच्या हातचा घास खाल्ला. खाताना हुंदका आवरला नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मुक्तानं घास पुढं केला आणि बंड्यानं तोंड उघडलं.

पोटभर नाही, पण जेवला.

नितीन रडला. मग म्हणाला, "काकू, आता संस्थेत घेतील ना?"

म्हणलं, "घेतील रे. पण तिथं त्याच्या हातचा घास कोण खाणार?"

माझी साठी उलटली, शुगर आहे. आज सकाळी दिवा लावला तेव्हा देवापुढं एक नाव घ्यायचे तिथं दोन घेतली.

ताई, उद्या गुरुवार. बंड्याला केंद्रात सगळ्यांमध्ये बसवणार आहे. रडेल, फेकेल, ओठ मिटेल. मी दारात उभी राहीन.

तू जा आता.

नियम तुझाच आहे. खिडकीतून डोकवायचं नाही.