खोबरेलाचं बोट

रामचंद्र हे नाव फक्त व्हिसावर. दुबईतल्या अल क्वोजच्या एका गॅरेजात ते सगळ्यांचे बापू. काम गाड्यांमागे कॅरव्हॅन, म्हणजे ओढून न्यायची चाकांवरची घरं, जोडण्याचं. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, टो-बॉल. त्यावर कॅरव्हॅनचं तोंड बसतं. त्या तोंडातले पॅड गोळ्याला आवळून धरतात, म्हणून मागचं धूड वाऱ्यात डोलत नाही. पण गोळा कोरडा हवा. नव्या गोळ्याचा रंग बापू पॉलिश पेपरने खरवडून काढत, तेलाचा अंशही उडवणारा ब्रेक क्लीनर मारत, मग बोट फिरवून बघत.

"जगात सगळ्याला तेल लागतं," ते नागेशला सांगत. "ह्याला ते दाखवायचंसुद्धा नाही."

"हे आत्याला सांगा," नागेश म्हणे. "ती माझ्या डोक्यावर अर्धी बाटली ओतते."

नागेश त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा भाचा. आईविना पोर. बाईंनीच वाढवला, आणि हट्ट धरून दुबईला, ह्याच गॅरेजात कामालाही त्यांनीच आणवला.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा होते. गेल्या वर्षी बाई डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून ताट घेऊन आल्या. नागेशच्या पिकअपच्या गुळगुळीत गोळ्यावर कुंकू ठरेना. त्यांनी खोबरेलाचं बोट फिरवलं आणि वर कुंकू चिकटवलं.

"खलास! आत्या, आता बापू ओरडणार."

"ओरडू देत. माझ्या पोराची गाडी आहे."

बापूंनी पाहिलं. ओरडले नाहीत. पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसू नये. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी फडकं घेतलं, गोळा पुसला. ब्रेक क्लीनरचा डबा उचलला आणि परत ठेवला. सणाचं कुंकू असल्या उग्र पाण्याने धुवायला हात धजेना. एवढं पुसलं ते पुरे, असं वाटलं.

नागेश कॅरव्हॅन घेऊन अल ऐनच्या रस्त्याला लागला. वाटेत वाळूचा वारा सुटला. कॅरव्हॅन डोलायला लागली. आवरली नाही. पिकअपला घेऊन उलटली.

नागेश गेला.

मोडका सांगाडा परत आला तेव्हा बापूंनी स्वतः ते तोंड उघडलं. पॅड चकचकत होते. कडेला लालसर ओल. वास खोबरेलाचा.

मालकाला त्यांनी सांगितलं, गोळा मी साफ केला होता, चूक माझी. फक्त तेलाचं माझ्या घरी कळू देऊ नका.

"कशाने हो झालं?" बाई विचारत.

"वारा होता," बापू म्हणत. वर्षभर तेवढंच म्हणत राहिले.

यंदाच्या नवमीला त्यांनी सगळ्या गाड्या सकाळीच आवाराबाहेर नेऊन लावल्या. नागेशच्या पिकअपचा गोळा त्यांनी नट सोडून जपून ठेवला होता. तो आता कुठल्याच गाडीला लागणार नव्हता. पाने-हातोड्यांशेजारी तेवढाच पाटावर मांडला.

बाई समोर बसल्या. नागेशच्या गाडीचा गोळा त्यांनी ओळखला.

"अहो, गेल्या वर्षी घाईच झाली माझी," त्या म्हणाल्या. "एकच बोट फिरवलं. पूजा कमी पडली हो पोराला."

बापूंनी कुंकवाचा करंडा पुढे सरकवला.

"आज नीट लावते. बाटली उघडता का? झाकण घट्ट बसलंय."

बापूंनी बाटली घेतली. झाकण उघडून दिलं.