डॅशबोर्डवरची लाल ओळ

आमच्या ऑफिसात नवीन जॉइन झालेल्याला पहिल्या आठवड्यात लॅपटॉप मिळत नाही, पण किस्से मिळतात. चहाला खाली उतरलं की एकजण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "ते काहीच नाही, आधी दोनशे पानांचं सांग!" आणि मग चहा गार होतो. हे किस्से कुणी जमवले नाहीत, आपोआप साठत गेले. त्यातल्या बहुतेकांत मी आहे, कारण डॅशबोर्ड मी बनवते.

म्हणजे असं, की आमच्या वेबसाइटवर नवी मुंबईतले हॉल बुक होतात. लग्न, साखरपुडा, मुंज, बारसं, काय म्हणाल ते. किती बुकिंग आली, कुठल्या हॉलला, कमाई किती, रद्द किती, हे सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, हे माझं काम. ऑफिस सीबीडी बेलापूरला, मी राहते खारघरला. आणि आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. म्हणून पहिला किस्सा हा.

*

दुरुस्तीसाठी आम्ही साइट बंद ठेवली होती. आत कुणी येणं शक्यच नाही. तरी डॅशबोर्डवर दिसत होतं, "आत्ता साइटवर: १".

दुसऱ्या वेळी बंद केली, तरी एक. तिसऱ्या वेळी तर रिसेप्शनवालीने माझ्या मॉनिटरला अगरबत्ती ओवाळली. मी चिडले आणि दिवसभर त्या एकाच्या मागे लागले. शेवटी सापडला! सरांच्या केबिनमधल्या टीव्हीवर आमची साइट कायम उघडी असायची. तोच तो एक.

सर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला भूत समजत होता?"

तर भोईरकाका म्हणाले, "पगारवाढ मागितली का तुमी दिसत नाय ना, म्हनून वाटला!"

भोईरकाका म्हणजे आमचे हॉलवाल्यांशी बोलणारे. मूळचे इथल्याच पावणे गावचे. जमीन कारखान्यांत गेली, काका नोकरीत आले. नवी मुंबईत असा हॉलमालक नाही जो त्यांना ओळखत नाही.

*

आता ते दोनशे पानांचं.

नवीन डॅशबोर्ड चालतो की नाही बघायला आम्ही खोटी बुकिंग टाकतो आणि नंतर पुसतो. मी एक टाकली. नाव मनाला येईल ते, दामोदर सखाराम. दोनशे पानं, पावण्याचा एक हॉल, दुपारची वेळ. आणि पुसायची विसरले! कबूल आहे, चूक माझीच.

त्या बुकिंगच्या दिवशी सकाळी लक्षात आलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. हॉलवाल्याने स्वयंपाक केला असणार. काकांना म्हटलं, "काका, जाऊन माफी मागा हो माझ्या वतीने." काका गेले ते चार वाजता आले, ढेकर देत.

"काय झालं?"

"काय नाय. जेवान चांगला व्हता."

"अहो, पण जेवलं कोण?"

"मानसं व्हती की. दोनशे तरी असतील. म्हातारा दारात हात जोडून उबा व्हता, म्हनाला बसा, तं मी बसलो."

"कुणाचं कार्य होतं?"

"पानावर बसल्यावर इचारतात काय गो?" म्हणाले आणि बडीशेप चघळत निघून गेले. मी ती बुकिंग पुसली नाही. पुसायला हात धजला नाही, खरं सांगते.

*

मग नकाशा. कुठल्या भागातून किती बुकिंग येतात हे दाखवायला मी नवी मुंबईच्या नकाशावर ठिपके टाकले होते. सर खूश! फक्त एक ठिपका खाडीच्या कडेला, कांदळवनात. तिथे हॉल सोडा, साधी पायवाट नाही.

मला वाटलं पत्ता चुकला असेल. काढून टाकला. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. तीन दिवस हा खेळ चालला. चौथ्या दिवशी भोईरकाका मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवून नीट बघितलं.

"बराबर हाय हा."

"काय बरोबर आहे? तिथे चिखल आहे, काका."

"आता हाय. भराव टाकायच्या आदी तिथं आमच्या देवीचा मांडव पडायचा. मी ल्हान व्हतो."

मी म्हटलं, हो का, पण मला डाटा स्वच्छ लागतो. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाव दे ना पोरी. तुजा काय खातंय तो?" तो ठिपका अजून आहे. सर विचारतात तेव्हा मी सांगते, सॉफ्टवेअरमधला बग आहे.

*

एक लग्न रद्द झालं होतं. का ते आम्हाला विचारायचं कारण नसतं. पण हॉलच्या दारात पाहुणे फोनवरचा कोड दाखवून आत जातात, त्याची हजेरी डॅशबोर्डवर पडते. आणि त्या रद्द लग्नाला, मुहूर्ताच्या वेळी, हजेरी पडली: एक.

हॉलच्या वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, "एक मुलगी आली होती, मॅडम. नटलेली, हिरवा शालू. रिकाम्या हॉलात तासभर बसली आणि गेली. रडली वगैरे काही नाही."

मला फार वाईट वाटलं. नोंदलेल्या नंबरवर फोन लावला, नवरीनेच उचलला. जरा चाचरतच विचारलं, की तुम्ही त्या दिवशी हॉलवर गेला होतात का.

"मी? मी तर नागपूरला मावशीकडे होते. महिना झाला इथेच आहे."

मी म्हटलं, सॉरी हं, काहीतरी गडबड झाली असेल. तर तीच म्हणाली, "एक मिनिट. शालू कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवा."

मग म्हणाली, "हां, मग बरोबर आहे," आणि फोन ठेवला.

*

आता वंदनाचं. हे मी चहाच्या टपरीवर सांगत नाही.

वंदना आमच्या सपोर्टला, साताऱ्याकडची. लग्नाला अकरा वर्षं झालेली. दवाखाने, इंजेक्शनं, उपास, सगळं करून झालेलं. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं.

आता बघा, बाळ जन्माला यायच्या आधी आपल्याकडे बारशाचा हॉल कुणी धरत नाही. पाळणासुद्धा घरात आणत नाहीत. म्हणून मी डॅशबोर्डला शिकवून ठेवलं होतं, बारशाची तारीख फार लांबची दिसली की ओळ लाल कर, काहीतरी चुकलंय.

एका सकाळी ओळ लाल झाली. बारसं, सात-आठ महिन्यांनंतरचं. नाव वंदनाचं. मोबाइल नंबरही तिचाच.

माझं डोकं फिरलं! कुणाची ही थट्टा? एवढा नीचपणा? मी ते पान बंद करणार, तेवढ्यात वंदना मागे उभी. तिने वाचलं. चेहरा पांढराफटक.

"मेघा, कुणी टाकलं हे?"

"माहीत नाही गं. थांब, काढते मी."

"नको काढू." ती खुर्ची धरून खाली बसली. "मला कालच कळलंय. अजून संजयला पण सांगितलं नाही."

संजय तिचा नवरा. मी तिचा हात धरून बसले.

ती बुकिंग कुणी टाकली ते कधीच कळलं नाही. त्यात खाली लिहिलं होतं, पाळणे: २. आम्हाला वाटलं दोनचा आकडा चुकून पडला असेल. महिन्याभराने सोनोग्राफी झाली आणि वंदनाचा फोन आला. हसत होती की रडत होती ते कळेना. "अगं, दोन आहेत!"

आठवा महिना लागला, ती रजेवर गेली. मी रोज ऑफिसला आले की आधी ती ओळ बघायची. लाल दिसली की बरं वाटायचं. लाल म्हणजे अजून अवकाश आहे.

त्या दिवशी अकराच्या सुमारास बघितलं तर ओळ लाल नव्हती. बारशाची तारीख महिनाभर अलीकडे आली होती. बारसं बाराव्या दिवशी. मी बोटांवर उलटे बारा दिवस मोजले. आजचा दिवस आला. आणि खाली, पाळणे: १.

मी वंदनाला फोन लावला. "बाळं हलतायत का गं?"

"एक हलतंय. दुसरं सकाळपासून गप्प आहे. झोपलं असेल. का गं?"

"संजय घरी आहे?"

"आहे."

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा. काही विचारू नको. जा!"

पाळण्यांचं मी तिला सांगितलं नाही. तासाभराने संजयचा फोन आला, ऑपरेशनला घेतलंय. मी तिकडे जायला हवं होतं, पण मला त्या स्क्रीनसमोरून उठवेना. भोईरकाका खुर्ची ओढून शेजारी बसले.

सरांचा एकच नियम आहे, खऱ्या बुकिंगला आपण हात लावायचा नाही. मी लावला. एकाचे दोन केले आणि सेव्ह केलं. पान पुन्हा उघडलं. पाळणे: १.

पुन्हा दोन केले. थोडा वेळ दोन राहिले. माझ्या डोळ्यांदेखत परत एक झाला. मला रडू फुटलं. "काका, राहत नाहीये हो."

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर स्क्रीनवर. "परत टाक."

मी परत टाकलं. दोन. माऊसवरचा हात काढून घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. दोनच राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, दोनच.

मग फोन वाजला. संजयला धड बोलता येत नव्हतं.

"मुली झाल्या, ताई. दोन्ही आहेत. पण धाकटी... धाकटी दोनदा थांबली होती हो. तिसऱ्यांदा रडली."