विटलेल्या जाळ्याचा हिरवा

रेवसजवळच्या कोळीवाड्यात सुकी मासळी विकणाऱ्या रंगूबाईने नवरा गेल्यावर वर्षभराने घर रंगवायला काढले. रंगारी हितेशने नमुन्याचे कार्ड पुढे केले, तेव्हा तिने मंद, राखाडीकडे झुकणाऱ्या हिरव्यावर बोट ठेवले. शेजारी बसलेला दीर तुळशीराम भडकला.

"वहिनी, हिरवा चुडा उतरला आन् आता भिंती हिरव्या? लोक काय म्हनतील? पांढरा मार."

"चुडा तुमी लोकांनी फोडला, भावजी. भिंतीचा नवरा कवा मेला?"

हितेशला हसू आवरेना. तुळशीराम जरा नरमला. "बरं, आतल्या खोलीला मार. बाहेरून दिसाया नको."

वाळत घातलेल्या बोंबलांवर, कावळ्यांपासून राखायला, रंगूबाई जुने जाळे पसरत असे. त्याचा हिरवा असाच होता. ऊन आणि खारा वारा खाऊन तो विटला होता, पण गेला नव्हता.

रंगूबाईने पदर खोचला, हितेशच्या हातातला ब्रश घेतला आणि पुढच्या खोलीत, रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवर पहिला पट्टा ओढला.

"हितेश, हितून सुरू कर. आन् दार सताड उघडं ठेव. वाऱ्यानं रंग लवकर वाळंल."